टेंडरचा दिवस

ता. २८ जुलै १९५५. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, लँकेस्टर नांवाच्या गांवीं एक शाळा बांधावयाची होती आणि तिचीं टेंडरें भरण्याची मुदत त्याच दिवशीं सायंकाळीं संपणार होती. ड्रेनन नांवाच्या कंत्राटदाराच्या कचेरींत टेलिफोन सारखा खणखणत होता. कोणी विजेच्या कामाचा भाव सांगे, कोणी नळांच्या, कोणी छपराच्या. त्या एका दिवसांत पन्नासपासून पंचाहत्तरपर्यंत पोटकंत्राटदारांचे भाव तारेवरून आले, असें पुढें कोर्टांत शाबीत झालें. दिवस कलता कलता फरसबंदीचें काम करणाऱ्या 'स्टार पेव्हिंग' या कंपनीचा टेलिफोन आला. तिनें ७,१३१ डॉलर ६० सेंट असा भाव सांगितला. कचेरींतल्या चिटणीसबाईंनीं तो आंकडा पुन्हां सांगावयास लावून लिहून घेतला आणि ड्रेननने तो मुख्य हिशेबाच्या कागदावर मांडला. फरसबंदीसाठीं आलेल्या भावांत तो सर्वांत कमी होता. तेवढ्या भावाचा आधार घेऊन ड्रेननने एकंदर ३,१७,३८५ डॉलरांचें टेंडर भरलें, आणि रात्रीं टेंडरें उघडलीं तेव्हां काम त्यालाच मिळालें.

दुसऱ्या दिवशीं लॉस एंजलिसला जातांना तो वाटेंत स्टार पेव्हिंगच्या कचेरींत उतरला. ओळख सांगतांच तेथल्या इंजिनियरानें त्याला गांठून सांगितलें कीं, काल आमचा आंकडा चुकला. त्या भावांत आम्हांस काम परवडत नाहीं. पंधरा हजार डॉलरांच्या खालीं ते येईनात. ड्रेननला अनेक महिने शोध करावा लागला, तेव्हां कोठें दुसरा एक फरसबंदीवाला १०,९४८ डॉलर ६० सेंटांत तयार झाला. दोन्ही भावांतील अंतर ३,८१७ डॉलरांचें होतें. तें कोणीं सोसावयाचें, एवढाच वादाचा मुद्दा.

मुद्दा लहान दिसतो, पण कायद्यांत तो सरळ नव्हता. पोटकंत्राटदारानें नुसता भाव सांगितला होता. करार झालेला नव्हता. आणि करार होण्यापूर्वीं सांगितलेला भाव परत घेतां येतो, हा जुना नियम. १९३३ सालीं अशाच एका खटल्यांत, जमिनीवर घालावयाच्या लिनोलियमचें माप निम्म्यानें चुकलें असतां, लर्नेड हँड या नामांकित न्यायाधीशांनीं त्याच नियमावर बोट ठेवून चूक करणाऱ्यास मोकळें सोडलें होतें. परंतु १९५८ सालीं कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति रॉजर ट्रेनर यांनीं ड्रेननच्या बाजूनें निकाल दिला. आपला भाव सर्वांत कमी ठरला तर मुख्य कंत्राटदार त्यावर विसंबून टेंडर भरणार, हें स्टार पेव्हिंगला ठाऊक होतें, किंबहुना त्यांची इच्छाहि तीच होती. तेव्हां विसंबणाऱ्याचें नुकसान ज्यानें आंकडा चुकविला त्यानेंच भरून द्यावें, असा त्यांचा विचार. स्टार पेव्हिंगला ३,८१७ डॉलर द्यावे लागले.

टेंडरच्या दिवशीं शेवटच्या घटकेला टेलिफोनवरून भाव सांगण्याची ही रीत परक्यास अजब वाटेल. परंतु तिच्यामागें कारण आहे. पोटकंत्राटदारानें आपला भाव आठवडाभर आधीं दिला, तर मुख्य कंत्राटदार तोच आंकडा त्याच्या प्रतिस्पर्ध्यास दाखवून, 'याहून खालीं येतोस काय?' असें विचारूं शकतो. म्हणून आपला भाव शक्य तितका वेळ मुठींत झांकून ठेवावयाचा आणि घाई इतकी झाली म्हणजे मगच सांगावयाचा, कीं त्याची फेरी काढावयास कोणाला फुरसतच उरूं नये. चुका व्हावयास याहून अनुकूल वेळ शोधूनहि सांपडणार नाहीं.

सबंध इमारत एका मालकाच्या हाताखालीं बांधण्याची पद्धत एके काळीं होती. लंडनचा थॉमस क्युबिट (१७८८–१८५५) यानें गवंडी, सुतार, रंगारी, लोहार असे सारे कारागीर कायम पगारावर ठेवून मोठमोठ्या वसाहती उभारल्या. त्याला बाहेरचे भाव मागवावे लागत नसत. मात्र कामाची तंगी आली तरी पगार द्यावे लागत. विसाव्या शतकांत पोलादी सांगाडा, वीज, लिफ्ट, वातानुकूलन, भूमिगत जलरोधन अशीं एकेक शास्त्रें इमारतींत शिरलीं आणि एकट्यानें सारें करणें अशक्यप्राय झालें. विशिष्ट कामांचे कंत्राटदार वाढले, आणि मुख्य कंत्राटदाराचें काम पुष्कळसें भाव गोळा करून जुळविण्याचें होऊन बसलें.

या विशिष्ट कंत्राटदाराचा हिशेब दुकानदाराच्या हिशेबासारखा नसतो. दुकानदार माल घेतो, विकतो, वर्षअखेर नफा-तोटा काढतो. पाया ठोकणारा मीटरानें मोजतो, गच्चीचें जलरोधन करणारा चौरस मीटरानें, लोखंडी सांगाडावाला टनानें, आणि आपल्याकडे वायरमन 'पॉइंटां'नीं. फरशी बसविणाऱ्याला कापतांना फुकट जाणारा तुकडाहि धरावा लागतो. बिल काम चालू असतांना हप्त्याहप्त्यानें होतें. त्यांतूनहि शेंकडा पांच-दहा रक्कम मालक राखून ठेवतो आणि ती काम पुरें झाल्यावर, कधीं वर्षानें, हातीं येते. मध्येंच नकाशा बदलतो व जादा काम निघतें. म्हणून त्याला वर्षाचा नफा कळून भागत नाहीं. कोणत्या कामांत आपण बुडत आहों, तें बुडण्यापूर्वीं कळावें लागतें. हें ज्या वहींत दिसत नाहीं ती वही कितीहि सुबक असली तरी त्याच्या उपयोगाची नाहीं.

मोठ्या गणकयंत्रांनीं या धंद्यांत प्रवेश केला तो मात्र हिशेबाच्या वाटेनें नव्हे, तर वेळापत्रकाच्या वाटेनें. १९५६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ड्यू पाँ या रसायनें करणाऱ्या कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनीं युनिव्हॅक या संगणकाच्या साह्यानें एक पद्धति बसविली. कामाचे लहान लहान भाग पाडावयाचे, कोणता भाग कोणत्या भागानंतरच होऊं शकतो तें दाखवावयाचें, आणि त्या जाळ्यांतली सर्वांत लांब सांखळी शोधून काढावयाची. त्या सांखळींतलें एक काम एक दिवस लांबलें कीं सारें बांधकाम एक दिवस लांबतें. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. लुईव्हिल येथील कारखान्यांत दुरुस्तीसाठीं यंत्रें बंद ठेवण्याचा काळ या पद्धतीनें १२५ तासांवरून शंभराच्या आंत आला. ही कीर्ति सर्वत्र झाली आणि संगणक विकणाऱ्यांना कंत्राटदारांचीं दारें ठोठावण्यास निमित्त मिळालें.

त्या वेळीं संगणक विकत घेणें ही सामान्य कंत्राटदाराच्या स्वप्नांतहि न येणारी गोष्ट होती. येथें स्टॅनफर्ड विद्यापीठांतले एक प्राध्यापक, जॉन फाँडाल, यांनीं १९६१ सालीं एक पुस्तिका लिहिली. तिचें नांवच मुळीं 'बांधकाम-धंद्यासाठीं सांखळी-पद्धतीचा संगणकाविना उपयोग' अशा अर्थाचें होतें. त्यांनीं दाखविलें कीं कामें वर्तुळांत लिहून रेघांनीं जोडलीं, तर एक माणूस, एक पेन्सिल आणि मोठा कागद एवढ्यावर हेंच काम होतें. ड्यू पाँच्या पद्धतींत काम बाणावर लिहीत, फाँडाल यांनीं तें वर्तुळांत लिहिलें. गंमत अशी कीं संगणक नको म्हणून काढलेली ही वर्तुळांचीच मांडणी पुढें संगणकांच्या वेळापत्रकांत रूढ झाली आणि बाणांची मागें पडली. ज्याला आपलें काम कागदावर मांडतां येतें त्यालाच यंत्र उपयोगी पडतें, असें फाँडाल यांचें धोरण दिसतें. आणि १९६१ नंतर सॉफ्टवेअर विकणाऱ्या पुष्कळांनीं तें विसरावयास लावलें.

लहान कंत्राटदाराच्या टेबलावर संगणक आला तो १९८० च्या आगेमागें. हार्वर्डमध्यें व्यापारशास्त्र शिकणारा डॅन ब्रिकलिन याला, फळ्यावरचा एक आंकडा पुसला कीं त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे पुन्हां पुसावे लागतात, या कटकटीवरून एक कल्पना सुचली. त्यानें आणि बॉब फ्रँक्स्टन यानें १९७९ सालीं 'व्हिजिकॅल्क' बाजारांत आणलें. उभ्या-आडव्या घरांचा तक्ता पडद्यावर. एका घरांतला आंकडा बदला, बेरजा आपोआप बदलतात. १९८३ मध्यें 'लोटस १-२-३' आलें. टेंडर भरणाऱ्यांच्या दृष्टीनें ही देणगीच होती. सिमेंटचा भाव बदलला म्हणून रात्रभर जागून सारीं पानें पुन्हां लिहिण्याचा काळ संपला. विशेष म्हणजे हा तक्ता कोणी कंत्राटदारांसाठीं केलेला नव्हता. ज्यानें त्यानें तो आपल्या धंद्याप्रमाणें आंखून घेतला. आजहि जगांतील असंख्य लहान कंत्राटदारांचें सॉफ्टवेअर म्हणजे हा तक्ताच होय, आणि त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

पण तक्त्यांतहि खड्डा होता. फ्लोरिडा प्रांतांतील एका बांधकाम कंपनीनें लोटसच्याच 'सिंफनी' नांवाच्या सॉफ्टवेअरवर एक टेंडर तयार केलें. खर्चाच्या रकमा एकाखालीं एक मांडून झाल्या, बेरजेचें सूत्र घालून झालें. आणि मग ध्यानांत आलें कीं कचेरीचा व देखरेखीचा खर्च, २,५४,००० डॉलर, घालावयाचा राहिला आहे. एक नवी ओळ घुसडून तो आंकडा भरला. पडद्यावर तो स्पष्ट दिसत होता. परंतु बेरजेच्या सूत्राला ज्या घरांची हद्द सांगितली होती, तिच्या बाहेर ती ओळ पडली. आंकडा दिसत होता. मोजला जात नव्हता. टेंडर तेवढ्यानें कमी गेलें. १९८६ सालीं कंपनीनें लोटसवर दावा केला आणि पुढें तो आपणहून काढून घेतला.

ही चूक कागदावर झाली असती काय? कागदावर बेरीज करणारा माणूस ओळीवरून बोट फिरवीत खालीं येतो. मध्यें लिहिलेली ओळ त्याच्या बोटाखालून सुटणें कठीण. यंत्र मात्र सांगितलेल्या हद्दीपलीकडे पाहत नाहीं. शिवाय सुबक छापलेल्या बेरजेविषयीं माणसाला जो आदर वाटतो, तो खाडाखोड केलेल्या कागदाविषयीं वाटत नाहीं. हवाई विद्यापीठांतील रेमंड पँको यांनीं पुढें अशा तक्त्यांचा अनेक वर्षें अभ्यास केला. मोठ्या तक्त्यांत एखादी तरी चूक नसणें हाच अपवाद, आणि करणाऱ्याला मात्र आपला तक्ता निर्दोष असल्याची खात्री असते, असें त्यांना आढळलें.

मग यावर उपाय काय? बांधकाम-धंद्यासाठींच मुद्दाम रचलेलें सॉफ्टवेअर. तीं रचणाऱ्या कंपन्यांत ऑरेगॉन प्रांतांतील 'टिंबरलाइन' हें मोठें नांव होतें. १९७१ पासून चाललेली ही कंपनी कंत्राटदारांचे हिशेब आणि अंदाजपत्रकें यांचींच सॉफ्टवेअरें करी. तिच्या 'बिड ॲनॅलिसिस' या सॉफ्टवेअरचें काम नेमकें ड्रेननच्या कचेरींतलें होतें: टेंडरच्या दिवशीं पोटकंत्राटदारांचे भाव येत जातील तसे मांडावयाचे आणि टेंडरचा आंकडा तयार करावयाचा. हें काम ऐकावयास सोपें, करावयास नाहीं. एक पोटकंत्राटदार नळ व वातानुकूलन दोन्हींचा मिळून भाव देतो, दुसरा फक्त नळांचा देतो. मालक 'अमुक मजला वगळल्यास किती?' असे पर्यायी भाव मागतो. अशा जुळण्यांची संख्या इतकी वाढते कीं शेवटच्या अर्ध्या तासांत त्या डोक्यांत धरणें कोणाच्या आटोक्यांत राहत नाहीं.

मिनेसोटा प्रांतांतील 'मॉर्टेन्सन' ही मोठी बांधकाम कंपनी १९९० पासून टिंबरलाइनचें असेंच सॉफ्टवेअर वापरीत होती. जुलै १९९३ मध्यें तिनें स्थानिक विक्रेत्याकडे नव्या आवृत्तीच्या आठ प्रतींची मागणी नोंदविली. मागणीपत्रांत किंमत होती, बसवून देण्याचें होतें. नुकसान झाल्यास काय, याविषयीं कांहींच नव्हतें. प्रती आल्या. फ्लॉपीच्या पाकिटांवर आणि पुस्तकांच्या आंतल्या बाजूस वापराचा परवाना छापलेला होता. सॉफ्टवेअर सुरू करतांना पडद्यावरहि परवान्याचा उल्लेख येई. त्या परवान्यांत एक कलम होतें: या सॉफ्टवेअरच्या वापरानें नुकसान झाल्यास भरपाई, झालीच तर, दिलेल्या किंमतीपुरती.

त्याच वर्षीं डिसेंबरांत सिॲटल शहरांतील हार्बरव्ह्यू रुग्णालयाच्या कामाचें टेंडर होतें. मॉर्टेन्सनच्या जवळच्या बेल्व्ह्यू येथील कचेरींत त्या दिवशीं पडद्यावर एक सूचना उमटली: काम थांबविलें, पर्याय सांपडत नाहीं. पुन्हां चालू केलें, पुन्हां तीच सूचना. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें ती त्या एका दिवसांत एकोणीस वेळां आली. घड्याळ थांबत नव्हतें. अखेर सॉफ्टवेअरनें दिलेला आंकडाच भरला. काम मिळालें, आणि मग कळलें कीं भरलेला आंकडा हव्या त्या आंकड्यापेक्षां सुमारें साडेएकोणीस लक्ष डॉलरांनीं कमी होता.

मॉर्टेन्सननें दावा लावला. चौकशींत टिंबरलाइनच्या कचेरींतला २६ मे १९९३ चा एक अंतर्गत कागद बाहेर आला. त्यांत या सॉफ्टवेअरमध्यें एक दोष सांपडल्याची, आणि चार विशिष्ट गोष्टी एकाच वेळीं जुळून आल्या तरच तो प्रगट होत असल्याची नोंद होती. तेव्हां हा मोठा दोष दिसत नाहीं, असा लिहिणाऱ्याचा अभिप्राय होता. दुसऱ्या कांहीं गिऱ्हाइकांना हीच अडचण येऊन त्यांच्यापैकीं कित्येकांस दुरुस्त आवृत्ति गेलीहि होती. मॉर्टेन्सनला ती मिळाली नव्हती. कागदाची तारीख मेची, मागणीची जुलैची, टेंडरची डिसेंबरची. या तीन तारखा एकाखालीं एक लिहिल्या म्हणजे मॉर्टेन्सनचा संताप समजतो.

तरी निकाल विरुद्ध गेला. खालच्या कोर्टानें दावा सुनावणीपर्यंत जाऊं दिलाच नाहीं, अपील कोर्टानें तें उचलून धरलें, आणि ता. ४ मे २००० रोजीं वॉशिंग्टन प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयानें शेवटचा निर्णय दिला. आम्हीं परवाना पाहिलाच नाहीं, आमचा करार मागणीपत्राशींच पुरा झाला, असें मॉर्टेन्सनचें म्हणणें होतें. न्यायालयानें ठरविलें कीं सॉफ्टवेअरच्या व्यापारांत परवाना मागाहून येतो ही रीतच आहे. मॉर्टेन्सन टिंबरलाइनचें जुनें गिऱ्हाईक होतें. आणि सॉफ्टवेअर वापरलें याचा अर्थ परवाना पत्करला. विरुद्ध मतहि नोंदलें गेलें. मागणी स्वीकारली तेव्हांच करार झाला आणि नंतर आलेल्या कागदानें तो बदलतां येत नाहीं, असा त्याचा आशय होता. येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. सॉफ्टवेअरमुळेंच आंकडा चुकला कीं नाहीं, याची पुरी छाननी कोर्टांत कधींच झाली नाहीं. कलमापाशींच खटला संपला. आणि एकोणीस वेळां हटकणाऱ्या यंत्राचा आंकडा पाकिटांत घालावा काय, हा प्रश्नहि उरतोच.

१९५५ मध्यें फरसबंदीवाला चुकला तेव्हां भुर्दंड फरसबंदीवाल्यावर पडला, कारण दुसरा त्याच्या आंकड्यावर विसंबला होता. १९९३ मध्यें मॉर्टेन्सनहि विसंबलेलाच होता. फरक एवढाच कीं स्टार पेव्हिंगजवळ पाकिटावर छापलेलें कलम नव्हतें. दहा-पंधरा हजारांचें काम करणाऱ्या लहान फरसबंदीवाल्यास जी जबाबदारी टाळतां आली नाहीं, ती सॉफ्टवेअर विकणाऱ्यास चार ओळी छापून टाळतां आली. कायद्याच्या दृष्टीनें दोन्ही निकालांचें समर्थन होऊं शकेल. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहणाऱ्यास तें पचविणें जड जातें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. २००३ सालीं टिंबरलाइन इंग्लंडच्या सेज कंपनीनें विकत घेतली व कालांतरानें तें जुनें नांवहि गेलें. वेळापत्रकांसाठीं प्रसिद्ध असलेली, १९८३ सालीं निघालेली प्रायमाव्हेरा कंपनी २००८ मध्यें ऑरॅकलकडे गेली. नकाशे काढण्याचें 'ऑटोकॅड' १९८२ पासून करणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीनें २०१६ सालीं नव्या गिऱ्हाइकांना कायमचे परवाने विकणें बंद केलें. तेव्हांपासून वर्गणी भरावयाची आणि वापरावयाचें. फ्लॉपी गेली, पाकीट गेलें. परवाना आतां पडद्यावर येतो आणि 'मान्य' या शब्दावर बोट टेकविलें कीं सही होते. कलम मात्र बहुधा तेंच.

आपल्याकडील विशिष्ट कामांच्या कंत्राटदारास ही निवड निराळ्या वाटेनें करावी लागली. हिशेबासाठीं १९८६ पासून बंगलोरच्या गोयंका पितापुत्रांचें 'टॅली' घरोघर पोंचलें होतें. भाव काढण्यासाठीं एक्सेलचा तक्ता. आणि मोजमापें पुस्तकांत हातानें. ता. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. इमारतींतलें मालासकट काम त्या कायद्यानें सेवा म्हणून धरलें गेलें. ऑक्टोबर २०१८ पासून सरकारी खात्यांनीं ठराविक रकमेवरील कंत्राटांच्या बिलांतून शेंकडा दोन टक्के हा कर आधींच कापण्यास सुरुवात केली. राखून ठेवलेली रक्कम, आधीं कापलेला कर आणि हप्त्याचें बिल या तिहींचा मेळ प्रत्येक कामागणिक निराळा ठेवावा लागूं लागल्यावर, नुसत्या दुकानी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची झोळी अपुरी पडूं लागली. मग विक्रेते आले. त्यांनीं दाखविलेला नमुना सदैव सुरळीत चालतो, कारण तो त्यांच्या आंकड्यांवर चालतो. शहाणा कंत्राटदार अशा वेळीं आपलेंच एक जुनें, पुरें झालेलें काम काढतो, शक्य तर ज्यांत तोटा आला तें. त्याचीं मोजमापें, बदललेले नकाशे, राखलेल्या रकमा, सारें विक्रेत्यासमोर नव्या सॉफ्टवेअरमध्यें भरावयास लावतो, आणि तोटा कोणत्या महिन्यांत दिसूं लागतो तें पाहतो. एक ओळ मध्येंच घुसडून बेरीज बदलते कीं नाहीं हेंहि तो पाहील, जर त्याला फ्लोरिडाची गोष्ट ठाऊक असेल. आणि ज्याचें सारें काम दोन तक्त्यांत व एका वहींत नीट मावतें, त्यानें फाँडाल यांची आठवण ठेवून विक्रेत्यास चहा पाजून परत पाठविण्यास हरकत नाहीं.

एक अडचण मात्र विशेषतः जलरोधनाच्या धंद्यांतली. मुंबईसारख्या पावसाच्या शहरांत गच्चीच्या कामाची दहा वर्षांची हमी लिहून देण्याचा प्रघात आहे. नवव्या पावसाळ्यांत गळती लागली म्हणजे कोणत्या भागावर कोणता थर, किती जाडीचा, कोणत्या महिन्यांत दिला, ही नोंद काढावी लागते. ती नोंद ज्या सॉफ्टवेअरमध्यें आहे त्याची वर्गणी मात्र वर्षाची. मधल्या काळांत कंपनी विकली जाते, दर वाढतात, किंवा कंत्राटदारच दुसरें सॉफ्टवेअर घेतो. आणि जुन्या नोंदी वाचतां येतील अशा रूपांत बाहेर काढून मिळतील कीं नाहीं, हें परवान्याच्या कलमांत शोधावें लागतें. ज्यांनीं तें आधीं शोधलेलें नाहीं, त्यांच्या कपाटांत प्रत्येक गच्चीच्या मोजमापांची एक छापील, सहीची प्रत असते, निदान असावयास पाहिजे. आणि पाऊस लागल्यावर मालकाचा टेलिफोन आला म्हणजे पहिल्यानें तीच फाईल उघडली जाते.